३५ मिनिटांत पूर्ण शरीराचा व्यायाम कसा बसवायचा?

धावपळ:
आठवड्यातून तीनच दिवस जिमला जाता येतं, तेही ३५ मिनिटं. छाती, पाठ, पाय असे दिवस वाटले की एक दिवस हुकला तरी तो भाग आठवडाभर राहतो. शिवाय अर्धा वेळ वॉर्मअप आणि विश्रांतीतच जातो. कात्री कुठे लावू?

लोखंडप्रेमी:
दिवस वाटूच नका, तिन्ही दिवस पूर्ण शरीर घ्या. खरा वेळ जोड्या लावल्याने वाचतो. डंबेल बेंच प्रेसचा (बाकावर झोपून वजन वर ढकलणं) सेट, ६० सेकंद थांबा, डंबेल रो (पुढे झुकून वजन पोटाकडे ओढणं), पुन्हा ६० सेकंद, मग प्रेस. सेट ४० सेकंदांचा धरला तर छातीला अडीच मिनिटांहून जास्त विश्रांती मिळते आणि तीन फेऱ्या १० मिनिटांत उरकतात. दुसरी जोडी गॉब्लेट स्क्वॉट (डंबेल छातीशी धरून बैठका) आणि शोल्डर प्रेस. सगळं एका बेंचपाशी होतं, त्यामुळे गर्दीत मशीनसाठी ताटकळावं लागत नाही.

डेडलिफ्ट (जमिनीवरून वजन उचलून उभं राहणं) आणि रो मात्र कधीच जोडू नका. दोन्हींत पकड आणि कंबर थकते, दुसरा व्यायाम वाया जातो. रोमानियन डेडलिफ्टसोबत (गुडघे किंचित वाकवून कंबरेतून झुकण्याचा प्रकार) पुशअप्स चालतात.

वॉर्मअपसाठी ट्रेडमिलची १० मिनिटं सोडा. त्याच व्यायामाचे हलके सेट करा: नेहमीच्या निम्म्या वजनाने ८ रेप्स (आवर्तनं), पाऊण वजनाने ४. बारबेलवर जड स्क्वॉट असेल तर एखादा सेट आणखी. तिथे काटकसर नको.

सावकाश:
सहमत. फक्त विश्रांती ३० सेकंदांवर आणू नका. श्वास सावरायच्या आत पुढचा सेट घेतला तर १० रेप्सचे ६ होतात, मग वजन उतरवावं लागतं. घाम भरपूर, ताकद तिथेच.

आणि ‘तबाता’च्या नावाखाली डेडलिफ्ट तर नकोच. इझुमी तबाता यांचा १९९६चा २० सेकंद जोर, १० सेकंद विश्रांती हा प्रयोग सायकलवरचा होता. थकल्यावर सायकलवर फक्त वेग पडतो. डेडलिफ्टमध्ये पाठ वाकते. हौस असेल तर शेवटची ४ मिनिटं सायकलवर घ्या.

धावपळ:
वजन कधी वाढवायचं?

लोखंडप्रेमी:
८ ते १२ रेप्सची मर्यादा ठेवा. तिन्ही सेटमध्ये १२ नीट झाले की पुढच्या वेळी सर्वांत लहान टप्प्याने वाढवा. रेप्स पुन्हा ८-९वर येतील, ते अपेक्षितच आहे. प्रत्येक सेट एक-दोन रेप्स शिल्लक असताना थांबवा, नाहीतर जोडीतला दुसरा व्यायाम ढेपाळतो.