मदत हवी आहे : रिकामा ग्लूट-१ पुन्हा बाहेरच्या बाजूस कसा उघडतो?

ग्लुकोजच्या वहनाविषयी वाचताना एका ठिकाणी अडले आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

तांबड्या रक्तपेशींच्या पेशीपटलातील ग्लूट-१ या ग्लुकोज वाहून नेणाऱ्या प्रथिनाची साखळी पटलाला १२ वेळा आरपार ओलांडते आणि तिचे दोन भाग मधल्या पोकळीभोवती असे हलतात, की ती पोकळी कधी बाहेरच्या बाजूस उघडते, कधी पेशीद्रवाकडे, पण एकाच वेळी दोन्हीकडे कधीच नाही, इथपर्यंत मला समजले आहे. (जार्डेट्स्की या शास्त्रज्ञांनी १९६६ मध्ये मांडलेली ही कल्पना मला तरी आरपार नळीच्या चित्रापेक्षा फार देखणी वाटते.) पण ग्लुकोज आत सोडल्यावर प्रथिन रिकामे होते. इथे एटीपी (पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू) खर्च होत नाही आणि आत शिरणाऱ्या सोडियमच्या ओढीची जोडही नसते. मग त्याला पूर्वस्थितीत कोण आणते?

दुसरे कोडे याहून अवघड आहे. पेशीत साधे ग्लुकोज आधीच भरून ठेवले, तर बाहेरचे किरणोत्सारी खूण केलेले ग्लुकोज अधिक वेगाने आत शिरते, असे प्रयोगांत दिसते. आत साखर असताना वेग घटायला हवा, असे मी धरून चालले होते. माझा तर्क नेमका कुठे चुकतो आहे?

उत्तर

दोन्ही प्रश्नांचे मूळ एकच आहे. उष्णतेमुळे रेणूंचे धक्के सतत बसत असतात आणि तेवढ्या बळावर रिकामे प्रथिनही दोन्ही स्थितींमध्ये ये-जा करते. फक्त ही ये-जा संथ असते. पोकळीत ग्लुकोज बसले की मधल्या, दोन्हीकडून बंद अशा अवस्थेपर्यंत पोहोचण्यासाठी ओलांडावा लागणारा ऊर्जेचा अडसर कमी होतो, म्हणून भरलेले प्रथिन लवकर वळते. आत साखर असेल, तर प्रथिनाला बाहेर परतताना रिकामे जावे लागत नाही. ते आतले ग्लुकोज घेऊन झपाट्याने परतते आणि खूण केलेल्या रेणूसाठी बाहेरच्या बाजूस पुन्हा लवकर उपलब्ध होते. आपला तर्क निव्वळ आवकेला (आत येणारे वजा बाहेर जाणारे रेणू) लागू पडतो, कारण ती खरोखरच घटते. प्रयोगात मात्र केवळ आत येणारे रेणू मोजलेले असतात. एरवी ग्लुकोज आत साचून ही आवक थांबू नये, याची काळजी हेक्झोकायनेज हे विकर (एन्झाइम) घेते : ते ग्लुकोजला फॉस्फेट जोडते आणि तो रेणू ग्लूट-१ मधून बाहेर पडू शकत नाही.

पडताळा हवा असेल, तर शून्य अंश सेल्सिअसच्या आसपास केलेली मोजमापे पाहावीत. थंडीत रिकाम्या प्रथिनाचे वळणे भरलेल्या प्रथिनापेक्षा कितीतरी अधिक मंदावते आणि आपल्याला खटकलेला फरक तिथे फार ठळक होतो.