शब्दचर्चा : ‘शिन्पा’ला मराठीत काय म्हणाल?

‘ट्रेन टू बुसान’ (२०१६) हा कोरियन सिनेमा काल तिसऱ्यांदा पाहिला. सोलहून सुटलेली गाडी, डब्यात झॉम्बी आणि पळायला जागा म्हणजे पुढचा डबा. एवढ्या भांडवलावर दिग्दर्शक योन सांग-होने जवळजवळ दोन तास बांधून ठेवलंय. झॉम्बी काचेवर धडका देतात तेव्हा गाडीतली एक गरोदर बाई काचेवर पाणी उडवून वर्तमानपत्र चिकटवते; माणसं दिसेनाशी झाली की स्वारी थंड! पुढे बोगद्यातल्या अंधारात तीच गोष्ट कामाला येते.

शेवटाला मात्र रडवायचंच असं ठरवून रडवलंय. कोरियनमध्ये याला ‘शिन्पा’ म्हणतात. मूळ अर्थ ‘नवा पंथ’. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जपानकडून आलेल्या नाटकांचं हे नाव. तेव्हाचं नवं आज शिळ्याला लावतात! मराठीत काय म्हणाल? ‘मेलोड्रामा’ नको, तो कशालाही लागतो.

— रडारड. सोपं आहे की.

— रडारड पात्रं करतात हो. शिन्पा दिग्दर्शक आपल्याकडून करवून घेतो.

— मग ‘कढ काढणे’ घ्या. आमच्या घरी कुणी दुःख उगाळत बसलं की आजी म्हणायची, “पुरे झाले कढ.” पण सगळ्या शेवटाला ते लावू नका. (सिनेमा पाहिला नसेल तर पुढे वाचू नका.) नायकाच्या लहान मुलीचं शेवटचं बोगद्यातलं गाणं कढ नाही. शाळेत बाबा आले नाहीत म्हणून तिचं ते गाणं अर्धंच राहिलं होतं, हे आपण सुरुवातीलाच पाहिलेलं असतं. त्या गाण्यामुळेच ती झॉम्बी नाही हे कळतं आणि सैनिक गोळी झाडत नाहीत. कढ आहे तो त्याच्या आधी : लागण झालेला तिचा बाप गाडीतून उडी मारण्यापूर्वी त्याला तान्ही मुलगी हातात घेतल्याचं आठवतं, पांढराशुभ्र उजेड, त्याचं हसू. त्या बाळाचा तोवर पत्ताच नव्हता.

— आणि तो बस कंपनीचा साहेब? सिनेमाभर दुसऱ्यांना झॉम्बींच्या तोंडी देतो, इतका एकरंगी की कंटाळा येतो. अन् स्वतःला लागण झाल्यावर घरचा पत्ता सांगतो, आई वाट बघतेय म्हणतो. हाही कढच का?

— नाही, तो उमाळा. कढ चुलीवर ठेवावा लागतो, उमाळा आपसूक येतो. मला तर तेवढंच त्याचं काम आवडलं.

— ‘कढ’ पक्का. याचाच पुढचा भाग ‘पेनिन्सुला’ (२०२०) पाहिलाय ना? तिथे पातेलं उतू गेलंय.