सर्पदंशाचा रिव्ह्यू: लिटसर्चआरने महत्त्वाचा शब्दच गाळला

रात्रपाळी:
एमडीच्या थीसिससाठी सिस्टिमॅटिक रिव्ह्यू (एका विषयावरचे सगळे अभ्यास शोधून घेतलेला आढावा) करतेय. विषय: भारतातला सर्पदंश आणि प्रतिविषाची मात्रा. पबमेडवर (वैद्यकीय पेपरांची ऑनलाइन सूची) 'स्नेक बाइट' आणि 'इंडिया' टाकून आलेली फाईल आर या संगणकभाषेतल्या लिटसर्चआरला दिली; ते पेपरांतून शोधासाठी शब्द सुचवतं. शब्दांची यादी झकास आली. गाइड सरांनी नजर टाकली आणि विचारलं, "ऑफिटॉक्सिमिया कुठाय?" नव्हता. सापाच्या विषबाधेसाठी आपल्याकडच्या जुन्या डॉक्टरांचा तो आवडता शब्द म्हणे. मग या सॉफ्टवेअरवर विसंबायचं तरी कसं?

ग्रंथपाल_काका:
मॅडम, लिटसर्चआर मुळात किमान दोन शब्दांचे तुकडे उचलतं, सुटा शब्द टाकून देतं. 'मिन_एन' (तुकड्यात किमान किती शब्द) ही सेटिंग १ करून बघा. यादी फुगेल, 'पेशंट', 'स्टडी' असला पालापाचोळा येईल, तो हाताने निवडा, तांदूळ निवडतात तसा.

खरी गोम वेगळीच आहे. तुम्ही 'स्नेक बाइट' लिहिणाऱ्यांचेच पेपर त्याला दिलेत. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? महाडच्या डॉ. बावस्करांचा मण्यार आणि नागाच्या दंशावरचा पेपर बघा. शीर्षक 'एन्व्हेनमिंग'ने (विषबाधा) सुरू होतं, 'स्नेक' कुठेच नाही. नुसतं शीर्षकात शोधलंत तर निसटला.

मी रेसिडेंटांना सांगतो, रिव्ह्यूत यायलाच हवेत असे पंधरा-वीस पेपर आधी बाजूला काढा. शोध चालवून त्यातले किती सापडतात ते मोजा. जो सुटेल तो उघडून त्याचे शब्द उचला. प्रतिविषाचंच घ्या: मेशमध्ये (पबमेडची ठरावीक विषयसंज्ञांची यादी) 'अँटिव्हेनिन्स', बाहेरचे लिहितात 'अँटिव्हेनम', आपले 'अँटी-स्नेक व्हेनम' नाहीतर नुसतं 'एएसव्ही'.

फुरसं:
'एएसव्ही' एकटं टाकू नका हो! मी टाकलं होतं. झोपेत श्वास अडकणाऱ्यांची यंत्रं आणि आतड्यातले जिवाणू, दोन्हीकडे हेच लघुरूप वापरतात, तिकडचे पेपर अंगावर आले. सोबत 'स्नेक' किंवा 'व्हेनम' जोडा. आणि पबमेडमध्ये शब्दाला तारा (*) लावलात की मेशची आपोआप जुळणी बंद पडते, मेशची संज्ञा वेगळी लिहा.

रात्रपाळी:
काका, 'मिन_एन' १ केलं, तरी नाही आला. मग फाईल उघडून स्वतः शोधलं, तर दोनदा होता! एकदा 'एई' घालून ब्रिटिश स्पेलिंगने, एकदा अमेरिकन. 'मिन_फ्रीक' (शब्द किमान किती वेळा यावा) होतं २, म्हणून दोन्ही एकेकटे गळाले. आता सरांच्या कपाटातले जुने अंक काढून बसलेय, धुळीने शिंका येतायत.