सांगलीच्या बाजारपेठेतला मारुती रोड, हरभट रोड: पार्किंग काढून पदपथ करावा का?

विश्रामबागकर: माझं मत, एका बाजूचं पार्किंग कायमचं बंद करून ती जागा चालणाऱ्यांना द्या. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमात पदपथाची मोकळी रुंदी किमान १.८ मीटर आहे, म्हणजे दोन व्हीलचेअर शेजारून जातील एवढी. आपल्याकडं तेवढ्या जागेत मोटारसायकली लागतात आणि म्हातारी माणसं रिक्षांच्या मधून वाट काढतात.

पेठेतला: आधी दुकान चालवून बघा. ऑनलाइनवाले एकीकडं, २०१९ आणि २०२१ चा पूर दुसरीकडं. दारात गाडी लागत नसेल तर गिऱ्हाईक सरळ शंभर फुटी रस्त्यावरच्या दुकानांत जाईल. आणि पदपथ झालाच तर चार दिवसांत त्यावर हातगाडे. म्हातारी माणसं परत रस्त्यावरच.

मिरजेची: दादा, सकाळी लागलेली गाडी दुकान बंद होईपर्यंत हलत नाही, ती गिऱ्हाइकाची असते होय? मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. तासगावकडनं येणाऱ्या बायका स्टँडवरनं चालत पेठेत येतात. साडीच्या दुकानात पैसे कोण सोडतं, ते तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त ठाऊक.

पेठेतला: ते मान्य. पण माझा टेम्पो कुठं उभा करू?

विश्रामबागकर: माल सकाळी दहाच्या आत उतरवा. दुसऱ्या बाजूच्या पार्किंगला तासाप्रमाणे पैसे लावा, दिवसभराच्या गाड्या आपोआप निघतील. हातगाडेवाल्यांना हुसकावून काही होत नाही. २०१४ च्या फेरीवाला कायद्यात त्यांना जागा ठरवून द्यायची सोय आहे, ती वापरा.

जुना सायकलवाला: पेठेत गर्दीच गाडीला आवरते हो! खरा धोका सांगली-मिरज रस्त्यावर. ताशी ५० ची गाडी धडकली तर ३० च्या मानानं जवळपास तिप्पट जोर लागतो, आणि तिथं विलिंग्डन, वालचंद कॉलेजची पोरं रस्ता ओलांडतात. थांब्यावर वडाप, म्हणजे शेअरची खाजगी गाडी, उभं असलं की बस रस्त्याच्या मधेच थांबते, उतरणारा थेट दुचाकींसमोर. सायकलीला तर कडेची मातीच. पहिला पैसा तिथं घाला.

पेठेतला: बरोबर बोललात. आधी तिकडं करा, आमचं मग बघू.

मिरजेची: हे 'मग बघू' आम्ही लहानपणापासून ऐकतोय. तिथं उंचवट्याचं क्रॉसिंग लागेल, थांबे मोकळे करावे लागतील. पेठेत सुरुवातीला रंगाचे पट्टे नि थोडे खांब पुरतात. दोन्ही एकदम करायला कुणी अडवलंय?

पेठेतला: पट्टे मारा. खांब तेवढे माझ्या दारात नकोत.