५० पाउंडाची ब्रेड (विणलेली लाइन) घेऊनपण गऱ्या जातायत, नवीन माणसाने नक्की लाइन कुठली घ्यावी?

नवा_गरीवाला
नमस्कार मंडळी, ठाण्याचा आहे, दिवाळीत मित्राच्या नादाने रॉड घेतला (८ फुटी, ४००० साइजचं रील) आणि तेव्हापासून सुट्टी मिळाली की रेवदंडा नाहीतर कोर्लईच्या खडकावर. दुकानदार म्हणाला समुद्रावर जाणार ना मग ५० पाउंडाची (म्हणजे तेवढा ताण सोसणारी) ब्रेडच घ्या, मोठा मासा लागला तर साधी लाइन टिकणार नाही. घेतली, चांगले दीड हजार गेले. आणि आता तीन वेळा गरी, शिसं सगळं गेलंय. त्यातल्या एकदा तर काहीतरी दणकट लागलं होतं, रॉड कमानीसारखा वाकला आणि मग एकदम हलकं. वर अजून एक गंमत म्हणजे ओढ बसली की मी हँडल फिरवतोय फिरवतोय आणि दोरा आत येतच नाही. रील बिघडलंय का? मित्र म्हणतो ८० पाउंड घे, व्हिडिओवाले म्हणतात फ्लुरो (फ्लुरोकार्बनची लाइन) घे, आई म्हणते बाजारातून आण. काय करू?

खाडीकाठचा
८० बिलकुल घेऊ नकोस. आधी मला सांग, दोरा तुटला तेव्हा उरलेलं टोक नीट बघितलंस का? टोक जर डुकराच्या शेपटीसारखं पिळलेलं असेल तर दोरा तुटलाच नाहीये, तुझी गाठ सुटलीये. टोक पिंजून कापसासारखं झालं असेल तर खडकावर घासलंय. आणि ब्लेडने कापल्यासारखं साफ असेल तर दात नाहीतर कालव. बघून सांग, मग लाइनचं बोलू.

नवा_गरीवाला
दादा दोन टोकं फोटोत सापडली, त्यातलं एक पिळलेलं (मोठा मासा गेला तेच 😭) आणि एक पिंजलेलं. गाठ म्हणजे आपली साधीच, बुटाची लेस बांधतो तशी दोन-तीनदा मारलेली.

खाडीकाठचा
मग झालं तर. ब्रेड गुळगुळीत असते, तिच्यावर साधी गाठ धरतच नाही, हळूहळू सरकत जाते आणि मासा जोर लावतो तेव्हाच निसटते. ब्रेडला पालोमार मार, सोपी आहे, दोरा दुमडून गरीच्या डोळ्यातून काढायचा, सैल गाठ मारायची आणि त्या फासातून पूर्ण गरी ओवायची. आणि कुठलीही गाठ असो, आवळायच्या आधी थुंकी लावून ओली करायची. हसू नकोस, नायलॉन सुका आवळला की घासून गरम होतो आणि तिथेच कच्चा पडतो.

रील बिघडलेलं नाहीये. ब्रेड स्पूलवर (रीलच्या चकरीवर, जिथे दोरा गुंडाळतो) थेट बांधली असशील, ती पकडत नाही, म्हणून ओढ बसली की सगळा गोळाच स्पूलवर गरगर फिरतो. खाली आधी थोडा साधा मोनो (एकपदरी नायलॉन) गुंडाळ आणि त्याला ब्रेड जोड, किंवा सरळ चिकटपट्टीचा एक वेढा दे.

आता रॉडवर हँडलच्या वर बारीक अक्षरात काय लिहिलंय ते वाच. ८ ते १७ पाउंड असं काहीतरी असेल, ४००० च्या रीलबरोबर मिळणाऱ्या बऱ्याच रॉडवर तेवढंच असतं. त्यावर ५० ची लाइन लावून ड्रॅग (ओढ बसली की दोरा सोडणारा रीलचा ब्रेक) घट्ट केलास तर आधी गाठ जाईल नाहीतर रॉड, लाइन आहे तशीच राहील. त्यामुळे माझं म्हणशील तर पहिलं वर्ष साधा नायलॉन मोनो, ०.३५ एमएम, म्हणजे १५ पाउंडाच्या आसपास. दोन-तीनशे रुपयात मिळतो, गाठ धरतो, आणि मुख्य म्हणजे ताणतो, नवीन माणूस घाबरून जो हिसका मारतो तो मोनो पोटात घेतो, ब्रेड नाही घेत. कालवांच्या खडकावर मोनो ब्रेडपेक्षा घासही जास्त सहन करतो.

जिताडा_वेडा
असहमत. मोनोवर शिकलो आणि दोन वर्षं फुकट घालवली असं आता वाटतं. २० पाउंडाची ब्रेड जाडीला ०.२३ एमएमच्या आसपास असते, तेवढ्याच ताकदीचा मोनो ०.४० च्या पुढेमागे, मग लांब कोण जाणार? आणि ल्युअर (खोटा मासा) मारताना तळाला शिवलं, शेवाळ लागलं, माशाने नुसतं तोंड लावलं, सगळं बोटाला कळतं. फक्त शेवटी दीडेक मीटर ३० पाउंडाचा जाड लीडर (ब्रेड आणि गरीच्या मधला तुकडा) लावायचा, खडकाला तो घासतो, ब्रेड नाही. ५० ची ठेव बाजूला, २० ची घे. ब्रेडला लीडर जोडायची एफजी गाठ जमत नसेल तर डबल युनीने भागव.

खाडीकाठचा
ल्युअरसाठी तुझं बरोबरच आहे, पण हा बाबा कोळंबी लावून शिसं टाकून बसणाराय, त्याला डबल युनी पण आज शिकायचीय आणि पालोमार पण. शिवाय वाऱ्यात ब्रेड सैल पडली की जो गुंता होतो तो सोडवत मी एकदा अख्खी भरती घालवलीय.

जिताडा_वेडा
गुंत्याचं मान्य 😄 बेल (रीलवरची तारेची कमान) हाताने बंद करायची आणि मग दोरा एकदा ओढून घ्यायचा, त्याने बराच कमी होतो.

मालवणचो_झील
माझो आजो तंगूस (नायलॉनचो दोरो) रिकाम्या बाटलेक गुंडाळून ठेवी, रॉड-बिड काय नाय. तंगूस बोटात असलो की मासो काय करता ता बरोबर कळता. बाकी तुम्ही पाउंड मोजा 😀

गंमत सोडा, एक सांगतो, ब्रेड खडकात अडकली तर हाताला गुंडाळून ओढू नका. माझ्या तर्जनीवर अजून व्रण आहे. काठीला वेढे द्या आणि सरळ रेषेत मागे चालत जा. आणि तुटलेला तंगूस खडकावर टाकून येऊ नका, बगळ्याच्या पायात अडकलेला बघितलाय मी, खिशात घालून घरी आणा.

नवा_गरीवाला
आणि फ्लुरोचं काय? व्हिडिओत म्हणे पाण्यात दिसतच नाही.

खाडीकाठचा
दिसत नाही असं नाही, कमी दिसते. प्रकाश वाकवायचा तिचा आकडा १.४२, पाण्याचा १.३३, नायलॉनचा १.५ च्या वर, म्हणून पाण्याशी जरा जास्त जुळते. पण कुंडलिकेच्या मुखाशी ते चहासारखं पाणी, तिथे माशाला तुझा दोरखंड पण दिसणार नाहीये. फ्लुरोचा खरा उपयोग लीडरला, कडक असते, घास सोसते, पटकन बुडते. अख्खं रील तिने भरणं म्हणजे पैसे पाण्यात, शब्दशः.

हां, अजून एक, मोनो लावलास की ड्रॅग मोजून लाव. बॅगा मोजायचा लटकता काटा असतो ना घरात, तो दोऱ्याला अडकवून ओढ. १५ पाउंड म्हणजे पावणेसात किलो, काटा दोन किलोच्या आसपास आला की दोरा सुटायला लागला पाहिजे. स्पूल काठोकाठ भरू नकोस, दोनेक एमएम मोकळं ठेव. दर फेरीनंतर शेवटचे दोन मीटर नखामधून ओढून बघ, खरखर लागली की तेवढं कापून टाक आणि नवी गाठ मार. आणि उन्हात गाडीच्या काचेखाली रील ठेवू नकोस, ऊन नायलॉनला खातं, वर्षाने बदलायचाच.

गोड्यापाण्याचा_गडी
आम्ही धरणावाले, रोहू-कटल्याला पिठाच्या गोळ्यावर ०.३० मोनो, तिलापियाला ०.२० पण खूप. एवढं राजकारण नाही आमच्याकडे.

नवा_गरीवाला
अपडेट: ०.३५ मोनो भरला, काट्याने ड्रॅग लावला (आईने विचारलं कुठे चाललायस बॅग घेऊन), थुंकी लावून गाठ मारली. रविवारी भरतीला एक शेंगाळा आला, साधारण पाऊण किलो, दोन-तीनदा पळाला, ड्रॅग कर्रर्र करत दोरा देत होता, गाठ टिकली. गरी काढताना मात्र त्याचा काटा अंगठ्यात घुसला, आता सोसवेल तेवढ्या गरम पाण्यात हात बुडवून बसलोय आणि एका हाताने टाइप करतोय. असं किती वेळ बसायचं?

मालवणचो_झील
कळ कमी होईस्तवर बस, तासभर तरी. काटा आत तुटून राहिला असला किंवा सूज वाढत गेली तर डॉक्टर गाठ. आणि पुढच्या वेळी पकड वापर. फोटो टाक. अंगठ्याचा नको, माशाचा.