एसीचा कंप्रेसर दुपारभर थांबत नसेल तर तो बिघाड समजावा काय?

प्रश्न (परभणी)

आमचे घर वरच्या मजल्यावर असून खोलीवर थेट स्लॅब आहे. दीड टनाचा, इन्व्हर्टर नसलेला एसी २४ अंशांवर ठेवला असता मार्चमध्ये त्याचा कंप्रेसर अधूनमधून बंद होत असे; आता मे महिन्यात तो दुपारी बारापासून सायंकाळपर्यंत एकदाही थांबत नाही. वृद्ध वडील त्याच खोलीत असल्यामुळे एसी बंद ठेवता येत नाही. तो सलग किती वेळ चालणे योग्य, आणि बैठकीतील कूलर रात्रभर चालू ठेवावा काय, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर (छत्रपती संभाजीनगर, एसी दुरुस्तीचा व्यवसाय)

एसीची क्षमता बाहेरचे तापमान ३५ अंश धरून मोजलेली असते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२ अंशांच्या वर जातो, तेव्हा स्लॅबमधून आत येणारी उष्णता वाढते आणि त्याच वेळी यंत्राची ती बाहेर टाकण्याची ताकद घटते. म्हणून भर दुपारी कंप्रेसर न थांबणे हा दोष नव्हे. स्लॅब तापलेला असल्याने रात्री उशिरापर्यंतही तो बराच वेळ चालेल. मात्र पहाटे बाहेरची हवा निवल्यावरही तो थांबत नसेल, तर तपासणी अवश्य करावी.

एसीत ओढली जाणारी हवा आणि त्यातून येणारी थंड हवा यांच्या तापमानात साधारण ८ ते १२ अंशांचा फरक हवा. तो कमी भरला तर आधी फिल्टर धुवावा आणि बाहेरच्या युनिटवरची धूळ काढावी, कारण आपल्या भागातील कोरड्या वाऱ्यात ती फार लवकर साचते. लगेच गॅस भरून घेऊ नये. गॅस वापराने संपत नाही; तो कमी झाला असेल तर कोठेतरी गळती आहे, आणि ती बुजवल्याशिवाय भरलेला गॅस पुन्हा जाणारच.

सलग चालण्यापेक्षा दर दोन-तीन मिनिटांनी चालू-बंद होणारा कंप्रेसर मला अधिक चिंतेचा वाटतो.

उत्तर (नांदेड)

एक पुरवणी. इन्व्हर्टर एसीला ही कसोटी लावू नये. त्याचा कंप्रेसर वेग कमी करून तासन्‌तास चालत राहतो, आणि तीच त्याची योग्य पद्धत आहे.

उत्तर (लातूर)

कूलरविषयी लिहितो. पाण्याची वाफ होताना हवेतील उष्णता शोषली जाते, यावर कूलर चालतो; त्यामुळे एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत तो उत्तम काम देतो, पण पाऊस सुरू झाल्यावर त्याचा उपयोग फारसा उरत नाही. खिडकी उघडी नसेल तर खोलीत दमटपणा साचतो. एसीच्या खोलीत त्याची हवा जाऊ देऊ नये, कारण तो ओलावा काढण्याचे काम शेवटी एसीलाच करावे लागते. २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने आलेले पाणी ज्यांनी वापरले, त्या आम्हा लातूरकरांना रात्रभर पंप चालू ठेवणे पटत नाही. पहाटे पंप बंद करून नुसता पंखा चालू ठेवल्यास बाहेरची गार हवा मिळते आणि पाणीही वाचते.

प्रश्नकर्ता (परभणी)

आपले सर्वांचे आभार. फिल्टर आजच धुतो आणि हवेतील फरक मोजून कळवतो. गच्चीवर पांढरा चुना लावण्याचाही विचार आहे. तो पहिल्या पावसात किती टिकतो, याचा कोणाला अनुभव असल्यास कृपया लिहावे.