मदत हवी आहे: तिसऱ्या सीझनमध्ये पात्र परत मूळ वळणावर कसं आणायचं?

सोलापुरात चित्रित होणाऱ्या यूट्यूब विनोदी मालिकेचा तिसरा सीझन लिहितोय. अडचण एका पात्राची आहे: शहराच्या तेलुगूभाषक पूर्व भागातल्या टॉवेल कारखान्याचा मुनीम. पहिल्या सीझनला तो चिक्कू होता, पण बहिणीसाठी खिसा मोकळा सोडायचा आणि तेलुगू फक्त आईशी भांडताना बोलायचा. दुसऱ्याला लेखक वाढले, एपिसोड वाटून लिहिले गेले. हशा चिक्कूपणालाच मिळतो म्हटल्यावर प्रत्येकाने तेवढंच उचललं. आता तो बहिणीकडूनही रिक्षाभाडं वसूल करतो, आणि तेलुगू वाक्यागणिक. (ही दुसरी गोष्ट इथल्या प्रेक्षकांना जास्त खटकते, आणि बरोबरच आहे.)

पात्राची टिपणवही केलीय. उपयोग बेताचाच, कारण त्यात नुसती विशेषणं होती. मग ‘हा काय कधीच करणार नाही’ अशी यादी केली. ती जास्त चालली. प्रत्येक विनोद प्रसंगातून येतो की सवयीतून, अशी खूणही करतो. पुढचं लिखाण त्याने सावरेल, झालेलं नाही.

नट तोच आहे. जुने भाग काढता येत नाहीत, फ्लॅशबॅक नकोय. पहिला भाग गड्ड्याच्या यात्रेत (संक्रांतीला भरणारी सिद्धेश्वराची यात्रा), होम मैदानावर घडतो. शूटिंग जानेवारीतच, म्हणजे पटकथा त्याआधी बंद. बहीण त्या भागात आहे.

अशा वेळी त्याचा बदल बहिणीच्या तोंडून उघड बोलून दाखवावा, की काहीच न बोलता त्याला जुन्या स्वभावाने वागू द्यावं? दुसऱ्या सीझनपासूनच बघणाऱ्यांना यातलं काय कमी खटकेल?